रिळाचं शेपूट

माझा काका पियानो वाजवत नाही. गेली बावीस वर्षं तो नुसते पायडल मारतो. त्याच्या पियानोच्या पोटात भोकं पाडलेल्या कागदाचं रीळ आहे. पायडल मारले की हवा ओढली जाते, रीळ फिरतं आणि भोकं येतील तशा पट्ट्या आपोआप दबतात. काका त्यांच्यावर हात नाचवतो, डोळे मिटतो, मान डोलावतो. लोक वाहवा करतात. आयत्या बिळावर नागोबा!

बीळ माझ्या बाबांचं. बाबा घरोघरी जाऊन पियानोचे सूर लावायचे आणि घरी बसून स्वतःच्या रचना कागदावर कोरायचे, एकेक भोक हाताने. "तू भिडस्त आहेस दादा, लोकांसमोर मी बसतो," म्हणत काकाने रिळं नेली आणि वर नावही स्वतःचंच लावलं. आता बाबांचे हात कापतात, कप धरवत नाही. तरी भावाबद्दल चकार शब्द नाही. त्यांच्या वाटचा राग मीच पोसत आले.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात काका तिथे आला. संगीतशाळा सभागृहाला त्याचं नाव देणार होती, दगड कोरून तयार होता. एकदा तो भिंतीत बसला की बाबांचं सगळं कायमचं त्याचं.

"गुडघे गेले गं माझे. आणि पुढच्या रांगेला पाय दिसतात. मोटर बसवून दे. घरातली गोष्ट घरातच राहील."

"बसवते की, काका," मी म्हटलं. इतकं गोड मी नवऱ्याशीही बोलत नाही.

हवा ओढायला एक मोटर, रीळ फिरवायला दुसरी, छोटी. दोन्ही रबरावर बसवल्या, घरघर नको म्हणून. बाकाखाली दोन बटणं: उजव्या टाचेला चालू, डाव्या टाचेला बंद.

चाचणीला रचना वाजून संपली, कोरा कागद सरकत राहिला. मी हात धुवायला गेले आणि पियानो पुन्हा वाजू लागला! सूर लावून झाले की बाबा प्रत्येक घरी एकच छोटीशी धून वाजवायचे, शेवटचा सूर मुद्दाम चुकवून मुलांना हसवायचे. ज्याच्या घरी पियानो, त्याला ती पाठ. तीच ही. रचना संपली की काकाचे पाय थांबायचे, त्यामुळे रीळ इथवर कधी आलंच नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि पकड हातात घेतली.

काकाने दोन्ही बटणं दाबून पाहिली, खूश झाला. कार्यक्रमाच्या सकाळी मी तेल घालायच्या निमित्ताने गेले आणि डाव्या बटणाला वळसा घालून तार जोडली. आता ते कितीही दाबा, मोटर थांबणार नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. बाबा माझ्याशेजारी, तिसऱ्या रांगेत. रचना संपली, टाळ्यांचा कडकडाट झाला. काकाने डावी टाच दाबली, उठला आणि कमरेत वाकला. शाळेच्या प्रमुखबाई दगडावरचा पडदा सारायला निघाल्या.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे पट्ट्या आपल्या आपण दबू लागल्या.

काका बाकावर आदळला. टाचेने बटण तुडवत सुटला. हात टेकवले, ते भलत्याच पट्ट्यांवर. मागून एक आजी ओरडल्या, "अगंबाई, ही तर आमच्या सूरवाल्यांची धून!"

शेवटचा सूर चुकला. सगळे हसले आणि मग एकेक मान बाबांकडे वळली. प्रमुखबाईंनी पडद्याची दोरी सोडून दिली. काका हुंदके देत होता. मला कीव आली नाही. मी त्याला डोळे भरून पाहून घेतलं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "बटण बिघडलं होतं का गं?"

"नाही. मीच निकामी केलं होतं." मी त्यांच्या ओठांना कप लावला. "तुम्ही ती धून तिथे का कोरलीत?"

"कधीतरी कुणीतरी शेवटपर्यंत फिरवेल म्हणून. फार आळशी पाय त्याचे. बावीस वर्षं लागली."

"आणि बाकीची रिळं?"

बाबांनी शांतपणे घोट घेतला.

"सगळ्यांना शेपूट आहे," ते म्हणाले.