थिजलेलं तेल

फिटर ट्रेडच्या पोरांना मी दोन गोष्टी बजावायचो. कानस घाईनं चालवू नका, आणि परीक्षकाला मूर्ख समजू नका. दुसरी गोष्ट शिव्या घालूनच सांगायचो, कारण ब्याऐंशीच्या कौशल्य स्पर्धेत माझ्याच एका पोरानं जोडातली फट ग्रीस आणि काजळी भरून बुजवली होती. तो पकडला गेला आणि मला वरून मेमो आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पुढं दोन वर्षं पाणीसुद्धा फुंकून पीत होतो.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात स्पर्धा चंद्रपूरला आमच्याच आयटीआयच्या शेडमध्ये झाली. बारा पोरं होती. लोखंडाच्या दोन पट्ट्या मिळायच्या. एकीत खाच कापायची, दुसरीला तसाच दात काढायचा आणि दोन्ही अशा बसवायच्या की खिडकीसमोर धरल्या तर मधून उजेड दिसू नये. पहिल्या दिवशी काम, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. परीक्षक होते पिंपळशेंडे साहेब, गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्यातले फोरमन. पहिला येईल त्याला ते कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेणार होते. लबाडी सापडली तर नाव कायमचं बाद.

माझी सगळी भिस्त वारलूवर होती. भामरागडच्या पलीकडचा, वीस वर्षांचा, बोलायला कंजूष. पावसाळ्यात गावचा रस्ता बुडाला की घरी जाता यायचं नाही, म्हणून सुट्टीतही शेडमध्येच कानस घेऊन बसायचा. त्याचा हात असा होता की मी शिक्षक असून मनातून जळायचो. या वेळी काम मिळालं नाही तर त्यानं परत यावं आणि बांबू तोडायला लागावं, असा त्याच्या मोठ्या भावाचा निरोप होता. त्याच्यासाठी ही एकच संधी होती.

सकाळी कडाक्याची थंडी होती. पिंपळशेंडे साहेब एकेक जोड उचलून खिडकीशी नेत होते. वारलूचा जोड त्यांनी उचलला आणि तिथंच थांबले. जोडाच्या रेषेत पिवळट पांढरं काहीतरी गच्च बसलं होतं. उजेड अजिबात येत नव्हता.

"गुणवंतराव," त्यांनी मला जवळ बोलावलं, "हे शिकवता काय तुमी पोराईले?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. वारलूही बघत होता. मला तो मेमो आठवला आणि डोकं फिरलं. पोराला एक शब्द न विचारता मी म्हणालो, "नियमात असंल तसं करा, साहेब. बाद करा. माहं काई म्हणनं नाई."

हे वाक्य आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

साहेबांनी पेन उघडलं. तेव्हा वारलू पुढं आला. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत.

"साहेब, टोळीचं तेल हाय ते. राती लावलं. थंडीनं थिजलं. घासलेटनं धुवा अन् मंग पाहा."

टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल हिवाळ्यात तुपासारखं घट्ट होतं, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईनं जन्मभर तेच तेल वापरलं. पण त्या क्षणी मला फक्त माझी नोकरी दिसत होती.

साहेबांनी स्वतःच्या हातानं जोड घासलेटमध्ये धुतला, पुसला आणि खिडकीसमोर धरला. एका कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. बाकी सगळा अंधार.

"तेल काऊन लावलं रे?"

"आमच्याइथी लोखंड कोरडं ठेवून कोनी झोपत नाई, साहेब. कुऱ्हाड असो का विळा असो."

"पन हा जोड तं तू इथंच देऊन जानार होता. तुह्या काय कामाचा?"

वारलूला तो प्रश्नच समजला नसावा. "लोखंडच हाय न," एवढंच तो म्हणाला.

साहेब टेबलाकडं वळले. बाकीच्या अकरा जोडांवर रात्रीच्या दवानं आणि बोटांच्या घामानं तांबूस डाग उमटले होते. त्यांनी ते एकेक करून पाहिले. नंबर वारलूचा दुसरा आला, कारण ती केसाएवढी रेघ होतीच. पहिला आला तो वर्ध्याचा पोरगा, आणि त्याचं काम खरंच सरस होतं. वारलूनं आपली पेटी भरायला घेतली. मी त्याच्या जवळ गेलो नाही. तोंडच नव्हतं.

जानेवारीत कारखान्याची दोन पत्रं आली. एक वर्ध्याला गेलं. दुसरं वारलूला, देखभाल खात्यात रुजू व्हायचं. पत्रासोबत एक छापील कागद होता, त्याच्या शिक्षकानं भरून द्यायचा वर्तणुकीचा दाखला.

वारलू तो घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मी त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढची ओळ होती, "मी यास चांगले ओळखतो व हा प्रामाणिक आहे." खाली माझी सही हवी होती. माझं पेन तिथंच अडलं.

"वारलू," मी म्हणालो, "त्या दिवशी मले वाटलं, तू लबाडी केली."

"मालूम हाय, सर. मी तुमच्याकडंच पाह्यत होतो."

"मंग हे मी कसं लिवू? मी तुले ओळखतच नव्हतो."

त्यानं कागद माझ्याकडं जरा सरकवला.

"लिवा, सर. आता तं ओळखता न."