दुसऱ्या नळीचा आवाज

माझे वडील पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. बनून आलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर चूक दिसली तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हे त्यांचं काम. कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे नापासराव म्हणत. अप्पांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं. घरीसुद्धा त्यांचा ठिपका चालूच असे. छत्री घ्यायला गेले की दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून उजेडाकडे धरत आणि अखेर घरी येऊन जुनीच शिवत बसत. आई म्हणायची, "मी यांच्या हातून कशी पास झाले कोण जाणे. मला बघायला आले त्या दिवशी चष्मा विसरले असतील."

अशा माणसाबरोबर मला बंदूक घ्यायची होती.

आता मला कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, पण तेव्हा मी उडत्या तबकडीवर नेम धरत असे. मातीची तबकडी यंत्रातून सुटते, आकाशात तिरकी पळते, आणि ती फोडायला दोन गोळ्यांची मुभा असते. त्यासाठी एकावर एक अशा दोन नळ्यांची बंदूक बरी. नळ्या शेजारी शेजारी नसल्या की नजरेसमोर एकच रेघ राहते. मी नेमबाजीच्या रेंजवरच्या सामाईक बंदुकीवर शिकले होते. पण निवडीच्या सामन्याला स्वतःची बंदूक लागे, आणि पुढच्या वर्षी माझं वय त्या गटात बसणार नव्हतं. परदेशी बंदुका आम्ही फक्त चित्रात पाहायचो. आपल्याकडच्या एका कारखान्याने तशी बंदूक करायला नुकतीच सुरुवात केली होती. तिच्यासाठी अप्पांनी खेटे घालून परवाना मिळवला, आणि मग दुकानात आलेली पहिली बंदूक नापास केली. दुसऱ्या खेपेला आलेलीही केली. असं करता करता परवान्यावर खरेदी करायची मुदत शेवटच्या दिवसावर आली. तो दिवस उलटला की परवाना रद्द, आणि सगळं पहिल्यापासून.

निघताना आईने मला दारात थांबवलं. "आज त्यांना जास्त प्रश्न विचारू देऊ नकोस."

"मी कशी अडवणार?"

"खोकल्याचं सोंग कर. काहीही कर. पण रिकाम्या हाताने येऊ नका."

दुकान अरुंद होतं. तेलाचा वास, गजांची खिडकी, काउंटरवर हिरवं कापड, कोपऱ्यात वाळूची पेटी. दुकानदार पूर्वी कापडाच्या धंद्यातला. सासरे वारल्यावर हे दुकान त्याच्या गळ्यात पडलेलं. बंदुकीतलं खरं कळायचं ते त्याच्या मिस्त्रीला, आणि मिस्त्री नेमका रजेवर होता.

"या साहेब. आज तीन आल्यात. एकाच कारखान्याच्या, एकाच घडणीच्या." त्याने तिन्ही हिरव्या कापडावर ओळीने मांडल्या. "हिचं लाकूड बघा. पोत बघा. हात फिरवून बघा ना."

"नेसायची नाहीये," अप्पा म्हणाले आणि त्यांनी खिशातून भिंग काढलं.

भिंग निघालं की दुपार गेली.

त्यांनी प्रत्येक बंदूक मधल्या बिजागरीवर मोडून नळ्यांतून दिव्याकडे पाहिलं. मिटवून सांध्याची फट पाहिली. कारखान्यातून आणलेली पातळ पट्टी त्या फटीत शिरते का ते पाहिलं. शिरली नाही. मी दस्ता खांद्याला लावून दाखवला. गाल बरोबर बसत होता. तिन्ही बंदुका इथपर्यंत आल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो.

मग अप्पांनी खोटी काडतुसं मागितली. त्यांत दारू नसते, नुसता चाप तपासायला ती भरतात. वाळूच्या पेटीकडे तोंड करून त्यांनी पहिल्या बंदुकीचा चाप ओढला. टक. बोट सोडून पुन्हा ओढला. काहीच नाही. आणखी एकदा ओढला. चाप नुसताच मागे आला.

"दुसरी नळी मेलेली आहे," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या बंदुकीचंही तेच. एकदा टक, आणि मग शांतता.

"नवीन आहेत साहेब, वापरून मोकळ्या होतात," दुकानदार म्हणाला.

"पंप वापरून मोकळा होतो, असं मी सांगितलं तर मला घरी बसवतील."

तिसरी उचलली. टक. बोट सोडून पुन्हा ओढला, टक. अप्पांनी परत परत करून पाहिलं. दर वेळी दोन्ही नळ्या बोलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेलं समाधान आलं. "ही," ते म्हणाले. "बाकीच्या दोन परत पाठवा."

"अहो, तुम्ही एक पास केलीत," दुकानदाराने कपाळ पुसलं. "मी आज घरी गोड घेऊन जातो." तो परवाना पुढे ओढून टोपणाचं पेन शोधू लागला.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण रेंजवरच्या मास्तरांचं एक वाक्य मला आठवलं होतं, आणि ते आता जाईना. एकदा सामाईक बंदुकीत माझं पहिलं काडतूस फुसकं निघालं होतं, आणि दुसरी नळीही उडाली नव्हती. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "दोन नळ्यांना एकच चाप असला की दुसरी नळी झोपलेली असते, पोरी. पहिलीचा धक्का बसला की ती जागी होते. धक्काच नाही तर जागी कशी होणार?"

म्हणजे खोट्या काडतुसांवर गप्प राहिलेल्या त्या दोघी धडधाकट होत्या. आणि ही तिसरी धक्का न बसताही जागी होती. अशी बंदूक एका ओढीत दोन्ही नळ्या उडवू शकते. एका मुलाच्या हातात तसं झालेलं मी पाहिलं होतं. तो मागे कोलमडला आणि बंदुकीचं तोंड भलतीकडेच फिरलं. त्या बाजूला कोणी उभं नव्हतं, एवढंच.

पण मास्तरांनी सांगितलं होतं ते सामाईक बंदुकीबद्दल. ही घडण वेगळी असली तर? आणि अप्पांना मी ओळखत होते. तिसरीत खोट आहे म्हटलं तर ती नापास होणार, आणि पहिल्या दोघी त्यांनी आधीच नापास केलेल्या. नापास केलेली वस्तू त्यांनी जन्मात परत घेतली नव्हती. मग आम्ही रिकाम्या हाताने घरी. गप्प बसले तर बंदूक माझी होती. दुकानदाराला पेन सापडलं.

मी खोकले. खरंच खोकला आला.

"काय गं?"

"अप्पा, एक तपासणी राहिली."

"कुठली?"

"चाप ओढा, पण बोट सोडू नका. दाबून धरा. मी मागून दस्त्याला थाप मारते. गोळी सुटल्यावर बसतो तसा धक्का."

"ताई, झालं की आता," दुकानदार कळवळून म्हणाला. "मला पण शटर ओढायचंय."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तपासणी राहिली म्हटल्यावर ते थांबणं शक्यच नव्हतं. त्यांनी पहिली, नापास झालेली बंदूक घेतली. टक. बोट दाबलेलं. मी तळहाताने दस्त्यावर थाप मारली. आवाज नाही. "आता बोट सोडा आणि परत ओढा," मी म्हणाले.

टक.

अप्पांनी भुवई उचलली. दुसरीवर केलं, तसंच झालं. तिसरी घेतली. टक. "बोट सोडू नका हं," मी म्हणाले आणि माझं बोट त्यांच्या बोटावर ठेवून दाबून धरलं. दुसऱ्या हाताने थाप मारली.

टक.

कोणी बोट सोडलं नव्हतं. अप्पा आपल्या बोटाकडे पाहत राहिले.

"तू धरलं होतंस?"

"तुम्ही पण."

त्यांनी ते पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. दुकानदारही वाकून पाहू लागला. "म्हणजे आवाज जास्त, ती बिघडलेली?" तो म्हणाला. "सासरे हे काही बोलले नव्हते."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं आणि हिरव्या कापडावरचा तेलाचा डाग पाहत बसले. बाहेर शेजारचं शटर खाली आलं.

"तुमच्याकडे लाल रंग आहे?" अप्पांनी विचारलं.

"लाल? घरी बायकोकडे नखांचा असेल."

"लाल पेन्सिल?"

ती होती. अप्पांनी पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, त्यावर लाल ठिपका भरला आणि सुतळीने तिसरीच्या चापाला बांधला. "मिस्त्री येईपर्यंत ही कपाटाबाहेर काढायची नाही. कोणी कितीही गळ घातली तरी." ती कपाटात जाऊन कुलूप लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी घड्याळाकडे पाहत होते, परवाना काउंटरवर तसाच पडला होता, आणि दुकानदार किल्ली शोधत होता.

मग त्यांनी पहिली बंदूक माझ्या हातात दिली. "परवान्यावर हिची नोंद करा," ते दुकानदाराला म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "खोटं काडतूस खोटंच असतं. खऱ्यावर दुसरी नळी उडाली नाही, तर काय करणार आहेस?"

मी परवाना दुकानदाराकडे सरकवला.

घरी आईने आधी आमचे हात पाहिले आणि मग चेहरे. "कशी मिळाली?"

"नापास झालेली," अप्पा म्हणाले. "हिने पास केली." आणि जेवायला बसले. जेवताना त्यांनी दोनदा भाकरीचा तुकडा हातात घेऊन परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर न जाता माझ्याबरोबर रेंजवर आले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मास्तरांना त्यांनी नमस्कार केला आणि दोरीमागे जाऊन उभे राहिले. मी दोन खरी काडतुसं भरली. चार श्वास मोजले आणि तबकडी मागितली.

ती उजवीकडे पळाली. पहिली गोळी मागून गेली, मी घाईच केली होती. खांद्याला धक्का बसला. बोट सोडलं आणि परत ओढलं.

तबकडीचा धूर झाला.

मास्तर काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही. बंदूक मोडून मी मागे वळले. अप्पा दोरीपाशी तसेच उभे होते. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी आत वाकवून घट्ट दाबून धरलं होतं. ते सोडायचं त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.