दुसरं टिंब

पेणच्या त्या ऑफिसात नावडत्या गोष्टींना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावर गणपतीचा कारखाना होता. तिथली मूर्तींच्या घासाईची पांढरी धूळ जिन्याने वर येई आणि कीबोर्डच्या खाचांत जाऊन बसे. धुळीचं फरझानाला फारसं काही वाटत नसे. पण ऑफिसचा मालक नितेश त्याच कीबोर्डवर वडापाव खाई, आणि तेल नि धूळ मिळून बटणांवर जो लगदा तयार होई, त्याला बोट लागलं की तिला हात धुवून आल्याशिवाय चैन पडत नसे.

फरझाना रोह्याची. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली, बोलायला कमी, आणि चुकीचा आकडा दिसला की ताटात केस निघावा तसं तोंड करणारी. रोज पेणला येऊन ती लोकांच्या वेबसाइट लिहून द्यायची.

"रोह्याच्या गणेशशेठचा फोन होता," नितेश म्हणाला. "बेरीज शंभर येत नाय म्हणतो."

गणेशने कासू गावातल्या लहान लहान जमिनी एकत्र करून तिथे प्लॉट पाडायचं काम घेतलं होतं. जमीनवाल्याने आपलं क्षेत्र वेबसाइटवर भरायचं. सगळ्या जमिनीत त्याचा वाटा किती टक्के, ते वेबसाइट सांगणार, आणि त्या प्रमाणात त्याला प्लॉट मिळणार. वेबसाइट प्रविणने लिहिली होती. प्रविण नोकरी सोडून पुण्याला गेला होता. आता सगळ्यांच्या टक्क्यांची बेरीज शंभर यायला हवी, ती नव्व्याण्णवच्या पुढे नऊचं शेपूट लावून थांबत होती.

"ब्राउझर दोनच्या पायावर मोजतो," फरझाना म्हणाली. "एक भागिले तीन आपल्याला दशांशात पुरं लिहिता येत नाही ना, तसं एक दशांश त्याला पुरं लिहिता येत नाही. दरवेळी कणभर सांडतं."

"मला काय शिकवतेस? उपाय सांग."

"दशांश गणिताची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, मिळते. आपण वहीत मांडतो तसं ती दहाच्या पायावर मोजते, आणि हवे तितके अंक ठेवते."

"किती?"

"सांगाल तितके."

"पन्नास ठेव," नितेश म्हणाला. "क्लायंटला बरं वाटतं."

लायब्ररी बसवायला वेळ लागला नाही. पण बसवल्यावर वेबसाइट उघडेनाच. पहिल्याच जमिनीवर लायब्ररी अडली आणि लाल अक्षरांत म्हणाली, हा आकडा नाही.

फरझानाने तो आकडा पाहिला. ०.०५.३०. गोविंदा नावाच्या शेतकऱ्याचं क्षेत्र.

तिला क्षणभर वाटलं, भरणाऱ्याचा हात चुकला. मग तिने पुढचं क्षेत्र पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. सगळीकडे दोन टिंबं. आणि मग तिच्या लक्षात आलं की चूक भरणाऱ्यांची नव्हतीच. सातबाऱ्यावर क्षेत्र असंच लिहितात. पहिलं हेक्टर, टिंब, मग आर, टिंब, मग चौरस मीटर. शून्य हेक्टर, पाच आर, तीस चौरस मीटर. लोकांनी उताऱ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं.

मग प्रविणची वेबसाइट इतके दिवस चालली कशी?

तिने प्रविणचा कोड उघडला. लिहिलेल्या अक्षरांतून आकडा काढायला त्याने ब्राउझरमधलं तयार फंक्शन वापरलं होतं. ते फंक्शन अर्धं ऐकून मान डोलावणाऱ्या माणसासारखं असतं. डावीकडून वाचायला लागतं, जिथपर्यंत समजतं तिथपर्यंत घेतं आणि उरलेलं न बोलता टाकून देतं. दुसरं टिंब आलं की त्याला समजायचं थांबे. गोविंदाच्या जमिनीतले तीस मीटर दरवेळी असेच गेले होते. कुणाचे पंच्याहत्तर गेले होते, कुणाचे नव्वद.

आणि शेवटी एक बाई होती. बायजा. क्षेत्र ०.००.६२. पहिल्या टिंबापुढची दोन शून्यं घेऊन फंक्शन थांबलं होतं. वाटा शून्य टक्के. प्लॉटच्या यादीत नाव नाही.

यादीत गणेशची स्वतःचीही जमीन होती, ती एकटी मात्र ०.८०.०० होती. ऐंशी आर, पुढे काही नाही. त्याच्यातून कापायला काही नव्हतंच. बाकीच्यांचं जितकं गळत होतं, तितका त्याचा टक्का वर सरकत होता.

ऊन लागलेल्या दुधाचा वास यावा तसं फरझानाला झालं. ती उठून हात धुवून आली.

मग तिने दुरुस्ती लिहिली. आधी वाटलं, दुसरं टिंब नुसतं पुसावं. पण कुणी पाच आर आधीच्या शून्याशिवाय लिहिले असतील तर जमीन एकदम दसपट होईल. म्हणून तिने प्रत्येक क्षेत्राचे टिंबांवर तीन तुकडे केले, आराला शंभराने भागलं, मीटरला दहा हजाराने भागलं, आणि तिन्हींची बेरीज लायब्ररीकडून करून घेतली. बायजाचे बासष्ट मीटर जागेवर आले. शेवटचा अंक गोल केल्यावर एकूण बेरीज शंभर आली, शेपटाशिवाय.

तिने नितेशला दाखवलं. तो बघता बघता खुर्चीत सरळ झाला.

"अगं, सगळ्यांचे टक्के बदलले!"

"आता बरोबर आलेत."

"बरोबरचं काय घेऊन बसलीस? प्लॉटचे नकाशे वाटून झालेत गावात. आता बदललं तर लोक एकमेकांची डोकी फोडतील, आणि आधी माझं." त्याने बोटं शर्टाला पुसली. "दुसऱ्या टिंबापुढचं काप. मग दे तुझ्या लायब्ररीला. टक्के जुनेच राहतात, बेरीज शंभर होते. विषय संपला."

"म्हणजे चुकीचा आकडा पन्नास अंकांपर्यंत अचूक?"

"आपण जज नाय फरझाना, वेंडर हाय."

"कापायची ओळ मी लिहिणार नाही."

"नको लिहू." नितेशने तिचा कीबोर्ड ओढून घेतला आणि ती एवढीशी ओळ स्वतः लिहिली. "उद्या घरून सरळ गणेशकडे जा आणि हे बसवून ये. रोह्यातच तर राहतेस."

परतीच्या गाडीत गडब गेलं, नागोठणं गेलं, तरी तिच्या मनातून ती ओळ जाईना. आकडा चुकणं तिला सवयीचं होतं. मोजणारा चुकतो, यंत्र चुकतं, ते शोधून काढायचं असतं, त्यात तिला एक प्रकारची गंमतही वाटे. पण बरोबर उत्तर समोर असताना ते कापायचं आणि कापलेल्यावर पन्नास अंकांचा मुलामा द्यायचा, याला काय म्हणायचं? स्वच्छ फडक्याने घाण पुसून ते फडकं कुणाच्या ताटाखाली घालावं, तसं काहीतरी.

गणेशच्या ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही होता. फरझानाने लॅपटॉप जोडला. बाकावर चार-पाच माणसं बसली होती, कासूचीच. गोविंदाही त्यांच्यात होता. टीव्हीवर बेरीज आली, शंभर, आणि गणेश खुशीत आला.

"ह्याला म्हनतात काम! बघा रे, शंभर म्हंजे शंभर. आता कुनी तोंड उघडायचं नाय." त्याने पोऱ्याला हाक न मारता स्वतःच चहा ओतला. कपाच्या काठावर आधीच्या कुणाच्या तरी ओठांचा तपकिरी डाग होता. फरझानाने कप हातात घेतला नाही.

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातात रिकामी पिशवी.

"आली," गणेश पुटपुटला, आणि मोठ्याने म्हणाला, "आत्ये, गाडीचं तिकीट फुकट घालवतेस. मी काल काय सांगितलं तुला?"

"तू सांगितलंस. कंप्यूटरनं मला तोंडानं नाय सांगितलं," बायजा म्हणाली. "मला बघायचाय."

गणेशच्या बापाने, म्हणजे तिच्या भावाने, ती सासरहून परत आली तेव्हा शेताचा एक कोपरा तिच्या नावावर करून दिला होता. त्यात तिचं घर होतं आणि परस होतं. गणेशच्या नकाशात त्या घरावरून रस्ता जात होता.

"बघ मग. डोळे भरून बघ." गणेशने माउस फिरवला आणि तिचं नाव टीव्हीवर आणलं. नावासमोर शून्य, टिंब, आणि पुढे भिंतीच्या टोकापर्यंत शून्यंच शून्यं. नितेशचे पन्नास अंक.

बायजाने हवेतच बोटाने शून्यं मोजायला घेतली.

"काल तू एकच सांगितलंस," ती म्हणाली. "आता येवढी? वाढली म्हनायची माझी जमीन!"

बाकावरची माणसं हसली. गणेशही हसला, सगळ्यांत मोठ्याने, दातांत तंबाखूचा चुरा दिसेपर्यंत. ते हसू फरझानाला सोसवेना. म्हातारी स्वतःच्या नाहीसं होण्यावर विनोद करत होती आणि तिचा भाचा त्याला दाद देत होता.

"आजी, तुमच्या उताऱ्यावर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"बासष्ट. शून्य शून्य बासष्ट. माझ्या भावानं वाचून दाखवलंतं."

"मॅडम, तुमचं काम झालं ना?" गणेश म्हणाला.

"नाही झालं," फरझाना म्हणाली. तिने नितेशची ओळ शोधली आणि पुसली.

टीव्हीवरचे सगळे आकडे हलले. बायजाच्या शून्यांत अंक उगवले. बाकावरचा गोविंदा उठून टीव्हीजवळ आला.

"माझं बदललं. माझं का बदललं?"

"तुमचे तीस मीटर मोजलेच जात नव्हते. दुसऱ्या टिंबापुढचं कुणाचंच मोजलं जात नव्हतं."

"आनि ह्याचं कमी का झालं?" गोविंदाने गणेशच्या नावावर बोट ठेवलं.

गणेशने दरवाजाकडे एकदा पाहिलं.

"ए, माझ्याकडं काय बघतोस?" तो म्हणाला. "मी काय कापलं? मशीन कापत हुतं. मी नुसतं बघत हुतो."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला," फरझाना म्हणाली.

"मग? आत्याचं शून्य आलं तवाच कळलं मला. मी का खुळा हाय? बासष्टाचं शून्य झाल्यालं कुनालाबी दिसंल." तो हे इतक्या सहज बोलला की तिला त्याच्याकडे बघवेना. "मॅडम, पहिलं होतं ते बरं होतं. ते परत लावा."

"लावणार नाही."

बायजा पुढे आली. तिने भाच्याला काही विचारलं नाही. फरझानाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "गो पोरी, आता मी हाय ना त्यात?"

"हो. आहात. तुम्हाला प्लॉट मिळेल."

"कुठं?"

फरझानाने नकाशा पाहिला. "गावाच्या पलीकडच्या कडेला."

"मला न्हको तिकडं. माझं घर हाय तिथं मी हाय." तिने पिशवी दुमडून काखेत धरली. "मग माझं नाव काढ ह्याच्या बेरजेतनं."

"आत्ये, येडी झालीस?" गणेश ओरडला. "तुझ्या चुलीवरनं रस्ता जातो!"

"जातो तर वळू दे. तुज्या ऐंशीतनं वळव. मी शून्य हुते तवा माझं 'न्हको' कोन ऐकनार हुतं? आता बासष्ट हाय. माझी सही न्हाय व्हायची."

"तिची सही नाय तर माझीबी नाय," गोविंदा म्हणाला. "आधी मोजा परत. उतारे घेऊन बसू, एकेकाचा वाचू."

फरझानाने बायजाच्या नावापुढचं 'काढा' दाबलं. वेबसाइटने विचारलं, नक्की का? तिने म्हातारीकडे पाहिलं. बायजाने मान हलवली. बासष्ट मीटर बेरजेतून बाहेर पडले, बाकीच्यांचे टक्के नव्याने मांडले गेले, आणि नकाशावरचा रस्ता तिच्या घरापाशी येऊन अडला आणि लाल रंगाचा झाला.

गणेशने नितेशला फोन लावला आणि शिव्या घातल्या. मग फोन फरझानाच्या कानाशी आणला. स्क्रीन त्याच्या घामाने ओली होती. तिने फोन कानापासून लांब धरला.

"काय करून बसलीस?" नितेश पलीकडून ओरडत होता. "उद्या कामावर येऊ नकोस! बेरीज तरी येते का?"

"शंभर," फरझाना म्हणाली, आणि फोन टेबलावर ठेवला. आतून नितेश बोलतच राहिला.

तिने वायर काढून लॅपटॉप मिटला. हात धुवायला मोरी कुठे आहे, हे तिला त्या ऑफिसात कुणाला विचारायचं नव्हतं. बायजा दारात चपला शोधत होती.

"चल गो," ती म्हणाली. "हितं बसवत न्हाय."