काळ्या कोंबडीचा पांढरा कान

"पहिलं बरं दिसतं, की दुसरं?"

"अहो, अंडी आहेत ती. तुमच्या दुकानातली भिंगं नाहीत."

"सांग तर खरं. पहिलं, की दुसरं?"

मागच्या अंगणात वाळक्या पाल्याच्या ढिगावर नंबरकाकांनी चार अंडी मांडली होती. दोन तांबूस, एक फिकट आणि एक पांढरं. दहा पावलांवर खुर्चीत काकूंना बसवलं होतं आणि काका स्वतः हातात टेप घेऊन उभे होते. टेप माझीच, सकाळी मागून नेलेली. मी खिडकीशी मशीनवर बसून एका पँटची चेन बदलत होते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळे त्यांचं काहीही माझ्यापासून लपत नाही, आणि खरं सांगायचं तर मी लपू देतही नाही.

"ते शेवटचं," काकू म्हणाल्या. "मान जराशी वळवली की स्वच्छ दिसतं. बाकीची आहेत का नाहीत, देव जाणे."

"पांढरं!" काका असे ओरडले की खुराड्यातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

काकांनी चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, पहिलं बरं दिसतं की दुसरं? रस्त्यात कुणी भेटलं की त्यांना नाव आठवत नाही, चष्म्याचा नंबर आठवतो. म्हणून ते नंबरकाका. माझाही नंबर त्यांनीच काढलेला. मी सुईत दोरा ओवते तो त्यांच्या जिवावर. आणि नेमकं अशा माणसाच्या बायकोच्या डोळ्यांना असं काही झालं की त्याला नंबरच नाही. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध धुकं दाटत जाईल, कडेकडेनं दिसत राहील, चष्म्याचा उपयोग नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काका त्या दिवशी घरी आले आणि जुन्या भिंगांची पेटी काढून रात्रीपर्यंत पुसत बसले.

काकूंनी एकेक काम हसत हसत सोडलं. पेपर वाचणं सोडलं, निवडणं-टिपणं सोडलं, माझ्या शिवणातल्या चुका काढणं तर केव्हाच सोडलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. फक्त सकाळी खुराड्यातली अंडी गोळा करणं सोडलं नव्हतं. वीस वर्षांचा नेम तो. पण खुराड्यात अंथरलेला पाला तांबूस आणि कोंबड्यांची अंडीही तांबूस. काकू टोपलीत दोन घेऊन यायच्या, "आज एवढीच," म्हणायच्या, आणि मागाहून काका गुपचूप जाऊन आणखी तीन काढायचे. काकांनी पाल्याऐवजी काळं कापड अंथरून पाहिलं. कोंबड्यांनी ते उकरून कोपऱ्यात लोटलं आणि रागानं पाण्याच्या टाकीखाली अंडी घातली.

मग एक दिवस काकूंच्या पायाखाली अंडं फुटलं. नळाखाली चप्पल धुताना त्या शांतपणे म्हणाल्या, "ऐका. ज्या दिवशी मला एकही अंडं सापडणार नाही, त्या दिवशी कोंबड्या देऊन टाकायच्या. शोभेला नकोत मला. आणि मग रडत बसायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

काका दुसऱ्या दिवशी टेप मागायला आले.

पांढऱ्या अंड्याच्या कोंबड्या आणायच्या, हे तर ठरलं. रविवारी काका बाजारात गेले आणि तीन पांढऱ्याशुभ्र तलंगा घेऊन आले. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी.

"विकणाऱ्याला विचारलंत ना नीट?" मी भिंतीवरून विचारलं.

"त्यात विचारायचं काय? पांढरी कोंबडी, पांढरं अंडं. तोही हेच म्हणाला."

आयुष्यभर लोकांना नीट बघायला शिकवणारा माणूस रंगावर भुलला. महिन्याभरानं पहाटे माझ्या खिडकीवर टकटक झाली. काका उभे होते, तळहातावर अंडं.

"हा कोणता रंग गं?"

"मला काय विचारता? माझा नंबर तुम्हीच काढलाय."

"तरी सांग."

चहात दूध जास्त झालं की होतो तसा रंग होता. पण ते त्यांना ऐकायचं नव्हतं. ते भिंतीवर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आज तिला एकही सापडणार नाही. जुन्यांनी घालायचं थांबवलंय, पिसं झडतायत त्यांची. ती शब्दाची पक्की आहे, पोरी. कोंबड्या संध्याकाळपर्यंत जातील. तुझ्याकडे दुकानातली पांढरी अंडी आहेत का?"

होती. माझ्या फ्रिजमधली दोन पांढरी त्यांनी नेली आणि त्यांचं तांबूस मला दिलं. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाले.

त्या सकाळी काकूंची हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. "दिसलं हो! दोन्ही दिसली!" त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला थांबवून सांगितलं, मला तर तीनदा सांगितलं. मी मान खाली घालून सरळ शिवणीवर तिरकी टीप मारली.

चार दिवसांचे आठ झाले, आणि मी दुकानातून पांढरी अंडी आणत राहिले. पाचव्या दिवशी काकू म्हणाल्या, "या कोंबड्यांना थंडी वाजते का गं? अंडी अगदी गार असतात."

"पांढऱ्या जातीचं तसंच असतं," काका आतून म्हणाले. इतक्या ठामपणे म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं.

पण त्यांच्याच मनात पाल चुकचुकली असावी, कारण त्यानंतर ते अंडी कोमट पाण्यात ठेवून मग खुराड्यात नेऊ लागले. आठव्या दिवशी पातेलं मंद आचेवर ठेवलं आणि दाढी करायला बसले. दाढी म्हणजे काकांचा निवांत कार्यक्रम. उठले तेव्हा पाण्याला उकळी येऊन गेलेली. त्यांनी घाईघाईनं गॅस बंद केला, अंडी निववून पाल्यात ठेवली आणि देवाचं नाव घेतलं.

थोड्याच वेळानं काकूंनी मला हाक मारली. "शिवणवाले, इकडे ये. चमत्कार बघ."

मी भिंत ओलांडून गेले. काकू ऑम्लेट करायला उभ्या होत्या. त्यांनी अंडं तव्याच्या कडेवर आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं आणि सोललं. आत गुळगुळीत, घट्ट, उकडलेलं अंडं.

"माझी कोंबडी उकडलेलं अंडं घालते," काकू म्हणाल्या. "आता मीठही लावून देईल."

काका दारात उभे होते, एका गालाला साबण तसाच. मला हसू आवरेना. काकूही हसायला लागल्या, इतक्या की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. मग हसता हसता थांबल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, अहो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच हाताला गार लागलं होतं. मनाला म्हटलं, असेल. मला दिसलं होतं ना, त्याच आनंदात होते. गल्लीभर सांगत सुटले. आणि सापडलं काय, तर तुम्ही ठेवलेलं. डोळे फसवतात ते पुरे झालं. त्यात तुम्ही भर घालू नका."

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "मला दुसरं काही सुचेना गं. भिंग असतं तर घातलं असतं."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. त्यांनी उकडलेल्या अंड्याचे तीन भाग केले आणि आम्हाला दिले. "आता जात मी निवडणार. तुम्ही दोघं फक्त बरोबर यायचं. आणि तू गं, साळसूद! तुझ्या फ्रिजातली होती ना?"

मी मान डोलावली. खोटं बोलायची सोय राहिली नव्हती.

उबवणी केंद्र बसनं अर्ध्या तासावर होतं. तिथल्या बाई कोपरापर्यंत बाह्या चढवून पिंजरे धूत होत्या. काकांनी पांढऱ्या कोंबड्यांची कर्मकहाणी सांगितली तेव्हा त्या पोट धरून हसल्या.

"अंड्याचा रंग पिसांवर नाही जात, काका. कानावर जातो."

"कोंबडीला कान?"

"डोळ्याच्या मागे बघा, ही कानाची पाळी. ही लाल असली तर अंडं बहुतेक तांबूस. पांढरी असली तर पांढरं. तुमच्या त्या तिघींचे कान लाल असणार, पैज लावते."

चाळीस वर्षं काकांनी लोकांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवल्या, आणि कोंबडीच्या कानाकडे बघायचं राहिलं. ते इतके खजील झाले की त्यांनी स्वतःचा चष्मा काढून उगाच तपासला.

बाईंनी दोन जाती दाखवल्या. पहिली पांढरी लेगहॉर्न. "खाते कमी, घालते भरपूर. पण भित्री. पान पडलं तरी छपरावर जाऊन बसते." दुसरी मिनोर्का, नखशिखांत काळी. "ही अंगानं थोराड, अंडं मोठं. थोडी कमी घालते. पण पांढरंच घालते."

"लेगहॉर्न घेऊ," काका लगेच म्हणाले. "काळ्या कोंबडीचं पांढरं अंडं, मला नाही पटत."

"तुम्हाला पटलेल्या तीन आहेत घरी," काकू म्हणाल्या. "मला जवळ नेऊन दाखवा."

बाईंनी दोन्ही हातांत दोन कोंबड्या धरल्या. काकूंनी समोर न बघता मान जराशी वळवली, कडेच्या नजरेनं बघता यावं म्हणून. त्याच वेळी काळ्या कोंबडीनंही मान वाकडी करून एका डोळ्यानं काकूंकडे पाहिलं. दोघी बराच वेळ तशाच, एकमेकींना न्याहाळत. बाईंच्या ओठांवर हसू आलं.

काका जवळ सरकले. सवयीनं तोंडून निघून गेलंच. "पहिली बरी दिसते, की दुसरी?"

"दुसरी," काकू म्हणाल्या. "पांढरीचा कान पांढऱ्यातच हरवतो. हिचा मला दिसतो. इथे." त्यांनी बोट पुढे केलं आणि ते बरोबर कोंबडीच्या पांढऱ्या पाळीवर टेकलं. कुणी हात धरला नव्हता. "मला जिचा कान दिसतो ती घ्यायची. मग पुन्हा कुणी फसवायला नको."

तीन काळ्या तलंगा आल्या. पांढऱ्या तिघी माझ्या अंगणात आल्या, गुन्ह्यात साथ दिल्याची शिक्षा म्हणून. जुन्यांची पिसं अजून झडतच होती. काकूंनी काळ्या तिघी अंड्यावर येईपर्यंत मुदत वाढवली होती, पण अट तीच ठेवली होती. पहिलं अंडं त्या स्वतः शोधणार. नाही सापडलं तर सगळ्या जातील. कुणी मध्ये पडायचं नाही.

तीन आठवडे गेले. एका सकाळी कोंबडीचा तो ओरडा सुरू झाला, अंडं घातल्यावर जग जिंकल्यासारखा करतात तो. काकू टोपली घेऊन निघाल्या. काका खुराड्याच्या दाराशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. मी मशीन थांबवलं.

काकू वाकून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. टोपली रिकामी होती.

काकांचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत पिळवटली होती. दोन पावलं आत जायची आणि बोट दाखवायचं, एवढंच करायचं होतं. त्यांनी ओठ दाबून धरले आणि जागचे हलले नाहीत. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल.

काकू दारात उभ्या राहिल्या. मोठा श्वास घेतला. "सरळ बघत होते मी. सवय मोडत नाही मेली," असं पुटपुटल्या आणि पुन्हा आत वाकल्या. या वेळी मान वळवून.

बाहेर आल्या तेव्हा हातात अंडं होतं. पांढरं, मोठं, त्याला पाल्याचा एक तुकडा चिकटलेला. त्यांनी ते काकांच्या गालाला टेकवलं.

"गरम आहे का, बघा."

"आहे," काका म्हणाले. चष्मा काढून ते पुसू लागले. "आहे गं. गरम आहे."

"धरा. मी दुसरं घेऊन येते."

"दुसरं कुठलं? एकच तर..." काका बोलून गेले आणि जीभ चावली.

काकू थांबल्या. "म्हणजे बघून आलात होय?"

"लांबूनच. दारातून. हात नाही लावला, तुझी शपथ."

"एकच दिसलं तुम्हाला?"

"एकच."

"पाण्याच्या भांड्यामागे अजून एक आहे," काकू म्हणाल्या. "मी बघून ठेवलंय."

आणि त्या टोपली घेऊन तिसऱ्यांदा आत वाकल्या. काका एका हातात चष्मा आणि एका हातात अंडं धरून दाराबाहेरच उभे राहिले.