पाचव्या भागात मापाडी नाही

'काजळदेश'चा पाचवा भाग वाचायला घेऊन नऊ दिवस झाले होते, आणि सून आपल्याला फसवते आहे अशी काटेसाहेबांची जवळजवळ खात्री झाली होती.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. दुकानात शिरले की समोरच्याच्या नमस्काराकडे लक्ष न देता आधी तराजूकडे वळायचे आणि पारड्याच्या खालून बोट फिरवून कुठे मेण चिकटवलंय का ते बघायचे. दुकानदारांनी चिडून ठेवलेलं हे नाव पुढे खात्यात रूढ झालं आणि तिथून घरापर्यंत आलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. नजर गेली, पण संशय जागच्या जागी राहिला. भाजीची पिशवी हातात आली की ती दोनदा वरखाली करून ते म्हणायचे, "किलो नाही, पाऊण आहे." आणि बहुतेक वेळा पाऊणच निघायची.

डोळे गेल्यावर पहिलं वर्ष त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढलं. मग बायकोनं वाचनालयातून 'काजळदेश'चा पहिला भाग आणला. राजे, जादूगार, आगीच्या नागानं राखलेला किल्ला असलं काहीतरी होतं. काटेसाहेबांनी नाक मुरडलं. असल्या भाकडकथा पोरांसाठी असतात म्हणाले.  दुपारची जेवणं उरकल्यावर बायको खिडकीजवळ बसली आणि वाचू लागली. चौथ्या दिवशी काटेसाहेब जेवण लवकर आटपून स्वतःच खुर्चीत येऊन बसले.

त्यांना ओढून घेतलं ते मापाड्यानं. किल्ल्यातल्या आगीच्या नागाला रोजचा शिधा मोजून द्यायला एक म्हातारा मापाडी होता. तराजूला हात लावण्याआधी तो हात धुवायचा, रुमालाची चौपदरी घडी करून बाजूला ठेवायचा आणि कोणी बसायला आसन दिलं तरी उभाच राहायचा. नागानं एकदा धान्याचं एक पोतं जिभेखाली लपवलं, तेव्हा सगळा दरबार पळून गेला. मापाडी तेवढा शांतपणे म्हणाला की तोंड उघड, मला पंचनामा करायचाय. काटेसाहेब हसता हसता खोकले होते. त्या सगळ्या वेडगळ राज्यात हा एकच शहाणा माणूस आहे, असं ते बायकोला नेहमी ऐकवायचे. बायको म्हणायची, "हो ना. पण त्याच्या बायकोचे हाल काय होत असतील?"

चार भाग झाले. मग मागच्या वर्षी बायको गेली. मुलगा लांबच्या खाणीवर सर्वेक्षणाच्या कामाला होता. वर्षातून दोनदा यायचा. सून इथेच राहायची, सकाळी औषधांच्या दुकानात काम करायची आणि दुपारी घरी असायची. पाचवा भाग आल्याचं कळलं तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, मी वाचते ना."

आणि आता हे असं. राजकन्या रुसते, जादूगार पुटपुटतात, लढाई होते, पाऊस पडतो, पुन्हा लढाई होते. सगळं कोरडं, मीठ न घातलेलं. शंभर पानं उलटली तरी मापाड्याचं नाव नाही. मेला म्हणत नाहीत की पळाला म्हणत नाहीत.

काटेसाहेबांनी आपल्या पद्धतीनं तपास सुरू केला. भिंतीवरचं घड्याळ तासाला ठोके द्यायचं. बायको दोन ठोक्यांच्या मध्ये पाच वेळा पान उलटायची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. सून अकरा वेळा उलटत होती. आवाज बायकोसारखाच संथ, घाई कुठे नाही. मग त्याच तासात दुप्पट माल कसा मोजून होतो? उत्तर एकच होतं. निम्मा माल मोजलाच जात नव्हता. सून कंटाळते, मधलं मधलं गाळते, आणि मापाडी त्या गाळलेल्या भागात अडकून पडलाय.

सून चहा ठेवायला गेली की ते पुस्तक चाचपायचे. आदल्या दिवशी दुमडून ठेवलेल्या कोपऱ्यापासून खुणेच्या चिठ्ठीपर्यंत पानं मोजायचे. अकराच भरायची. म्हणजे दोन पानं एकदम उलटत नाही, पानावरचं गाळते. मग त्यांनी दुसरा सापळा लावला. कालचा शेवटचा भाग नीट ऐकू आला नाही, पुन्हा वाच, असं सांगितलं. सुनेनं तो पुन्हा वाचला. एका शब्दाचा फरक नाही. याचा काटेसाहेबांना उलट जास्तच संशय आला. एवढी तयारी साधं माणूस करत नाही, त्यांच्या मनात आलं.

दहाव्या दिवशी सून दुकानात गेल्यावर त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि काठी घेऊन वाचनालयाकडे निघाले. वाट पायाखालची होती: गल्लीच्या टोकाला उजवीकडे, पिठाच्या गिरणीचा आवाज ओलांडला की पाच पायऱ्या.

वाचनालयातल्या बाई त्यांना ओळखत होत्या. बायकोच्या माघारी कधी भेट झाली नव्हती, म्हणून आधी त्यांनी दोन शब्द बोलून घेतले. काटेसाहेबांनी ते घाईनं आटपवले आणि पुस्तक पुढे केलं. चिठ्ठीच्या आधीची दोन पानं मोठ्यानं वाचाल का, विचारलं. बाईंना नवल वाटलं असणार, पण त्यांनी वाचलं. काटेसाहेब मान खाली घालून ऐकत होते. राजकन्या रुसली, जादूगार पुटपुटला, पाऊस आला. काल दुपारी जसं ऐकलं होतं तसंच, अक्षर न् अक्षर.

ते कानकोंडे झाले. पण माघार घेणं स्वभावात नव्हतं. मग लेखकानंच माल पातळ केलाय म्हणायचा, ते म्हणाले. बाकीचे वाचक काय म्हणतात? बाईंनी सांगितलं की वाचक खूश आहेत. आधीच्या चार भागांसारखाच आहे म्हणतात, नोंदवहीत अजून अकरा जण रांगेत आहेत.

"आधीच्यांसारखा?" काटेसाहेब म्हणाले. "मापाड्याला गायब केलं, तरी?"

"कोण मापाडी?"

त्यांनी सांगितलं. नाग, जिभेखालचं पोतं, पंचनामा. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की चारही भाग आपण दोनदा वाचलेत, असं कोणी त्यात नाही. काटेसाहेबांना राग आला. यांचं लक्ष नसेल, वयही झालंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी दुसरा भाग काढायला लावला आणि नागाच्या शिध्याचं प्रकरण शोधायला सांगितलं.

बाईंना ते सापडलं. त्यांनी वाचलं, "नागाला रोज बारा पोती धान्य लागे." पुढचं वाक्य राजकन्येच्या केसांबद्दल होतं.

"आणि मध्ये?"

"मध्ये काही नाही." बाईंचा आवाज जरा बदलला. "छापलेलं काही नाही. कडेला पेन्सिलीनं लिहिलंय. पुस्तकात लिहू नका म्हणून मी वहिनींना दोनदा बोलले होते."

"काय लिहिलंय?"

"'इथे मापाडी. हात धुतो. रुमाल, चार घड्या. बसत नाही.'" बाईंनी पानं उलटली. "पुढेही आहे. 'इथे मापाडी दुकानदाराशी भांडतो, परवासारखा.' असं बऱ्याच ठिकाणी आहे."

काटेसाहेब उभेच होते. बाईंनी आल्या आल्या खुर्ची पुढे सरकवली होती, तिला त्यांनी हातही लावला नव्हता. हे लक्षात आलं आणि त्यांनी चाचपडत खुर्ची शोधली आणि तिच्यात बसले. सहा वर्षं ते त्या माणसाला हसत होते, त्याची बाजू घेत होते, त्याच्यासारखा माणूस आता राहिला नाही म्हणत होते. आणि बायको समोर बसून पुस्तकाच्या आडून त्यांचा चेहरा बघत असणार.

घरी परतताना त्यांना हसू येत होतं. गिरणीपाशी ते थांबलं. बायको त्यांना फक्त 'काजळदेश' वाचून दाखवत नव्हती. वर्तमानपत्र, खात्याचे कागद आणि मुलाची पत्रं, सगळं तिच्याच तोंडून आलं होतं. खाणीवर तेव्हा फोन लागत नसे, म्हणून मुलगा पत्रं लिहायचा. प्रत्येक पत्र त्यांनी तीन-तीनदा वाचून घेतलं होतं, त्यामुळे ती पाठच होती. पण पाठ नेमकं काय होतं? ज्या हातानं एका ठिकाणी मापात भर घातली, त्यानं दुसरीकडे काय केलं असेल?

सून दारातच भेटली. पुस्तक जागेवर नाही हे तिनं पाहिलं होतं. काटेसाहेबांनी काही लपवलं नाही. ठोके, अकरा पानं, सापळा, वाचनालय, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तुम्ही पानं मोजता ते मला रोज दिसायचं, बाबा," सून म्हणाली. "चहाचं आधण ठेवून मी दारातून बघायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मोजून झालं की विश्वास बसेल. नाही बसला." तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "मी म्हटलं, माझा आवाजच आवडत नसेल."

त्यांनी माफी मागितली. आयुष्यात त्यांनी फार कमी वेळा मागितली होती, त्यामुळे ती नीट जमली नाही. चूक माझी आहे, नोंद करून घे, असं काहीतरी ते बोलले. सून हसली, पण तिचं मन दुखावलं होतं हे त्यांना कळलं. मग त्यांनी कपाटातला पत्रांचा डबा मागितला. सगळी वाचायची, जे लिहिलंय तेच वाचायचं.

तेवीस पत्रं होती. तीन दुपारी लागल्या. सून वाचायची आणि काटेसाहेब ओठातल्या ओठात पुढचं वाक्य आधीच म्हणायचे. पहिल्या दुपारी एकही शब्द चुकला नाही. मुलाची तुटक वाक्यं, तेच हवामान, तीच यंत्रांची रड. बायकोनं इथे काही घातलं नव्हतं, घालायला भरपूर जागा असून. दुसरी दुपारही तशीच गेली. काटेसाहेबांना हायसं वाटू लागलं.

तिसऱ्या दुपारी, सतराव्या पत्रात, सुनेचा आवाज अडला. अगदी श्वासभर. ती पुढे वाचू लागली, पण काटेसाहेबांनी हात वर केला. हे पत्र त्यांना आठवत होतं. इथे खाणीवरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. त्यातल्या एकाचा कान काळा होता. नंतर मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्यांनी पिल्लांची चौकशी केली होती, आणि मोठी झाली, असं तो म्हणाला होता.

"पिल्लं नाहीत," काटेसाहेब म्हणाले.

"नाहीत, बाबा."

"तुला ठाऊक होतं काय आहे ते."

"पत्रातलं नव्हतं ठाऊक. जे आहे ते ठाऊक आहे."

"मग वाच."

सुनेनं वाचलं. "आई, पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. इथल्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले. दाब वाढलाय. बाबांचंच दुखणं आहे. लवकर सापडलं म्हणाले, थेंब नेमानं घातले तर नजर जाणार नाही. त्यांना कळलं तर ते स्वतःलाच दोष देत बसतील."

घड्याळाचे ठोके पडले. काटेसाहेबांनी ते मोजले नाहीत. ते गुडघ्यांवर तळहात ठेवून बसले होते. त्या पत्राला चार वर्षं झाली होती. आई आणि मुलगा, दोघांनी मिळून पाच पिल्लं उभी केली होती, आणि एकाचा कान काळा करायलाही विसरले नव्हते. त्यांना राग शोधावा लागला, आणि तो सापडला नाही.

"घालतो का थेंब?" त्यांनी विचारलं.

"दोन वेळा. आमच्याच दुकानातून पाठवते मी. सहा महिन्यांनी तपासणी असते, मागची चांगली आली." मग ती म्हणाली, "मी गाळलं नव्हतं काही. पण हे मात्र सांगितलंही नव्हतं."

"ते वेगळं," काटेसाहेब म्हणाले.

उरलेली सहा पत्रं त्यांनी वाचून घेतलीच. त्यात सगळं जसंच्या तसं होतं.

रविवारी मुलाचा फोन आला. आता खाणीवर फोन लागत असे. सुनेचं बोलून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. हवापाण्याचं झालं. मग ते म्हणाले, "सकाळचे थेंब घातलेस?"

 मग मुलगा हळूच म्हणाला, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. सतराव्या पत्रात."

त्यानं खुलासा करायला सुरुवात केली. काटेसाहेबांनी मध्येच थांबवलं. डॉक्टरचं नाव काय, दाब किती, मागच्या वेळी किती होता, कागद जपून ठेवतोस का, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले, आणि मुलगा लहान दुकानदारासारखा उत्तरं देत राहिला. प्रत्येक तपासणीचा आकडा मला फोनवर सांगायचा, असं ठरलं.  फोन ठेवताना काटेसाहेबांनी नीट जेवत जा म्हणून सांगितलं.

दुपारी सुनेनं विचारलं की 'काजळदेश'ची दीडशे पानं राहिलीत, काय करायचं? आईंसारखं मला जमणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं.

"जमवू नकोस," काटेसाहेब म्हणाले. "छापलंय तेवढंच वाच. भाग टाकाऊ आहे, पण पूर्ण ऐकल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही."

सहा-सात दुपारींत तो संपला. शेवटी मोठी लढाई झाली आणि पाऊस पडला. काटेसाहेबांनी भाग टाकाऊ ठरवला. सून म्हणाली की तिला तर राजकन्या आवडली, आणि त्यावरून दोघांचा चहा होईपर्यंत वाद चालला.