हिऱ्याची खाच

“सांगतो, पण तुम्ही मानणार नाही वामनराव. कोणीच मानत नाही,” असं म्हणत शकूरचाचांनी खाट बंद दाराजवळ ओढली. ऐकणारा शेजारी समोर, पण चाचांचं तोंड दाराकडे.

चिखलीच्या एका दवाखान्यात तीस वर्षं लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढलेला हा माणूस उंद्री गावात ‘एक्सरेवाले चाचा’ म्हणून ठाऊक. दाराआड त्यांची नात, ताऱ्यांवर संशोधन करणारी अदीबा. पुण्याहून आल्यापासून अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली. एक शब्द नाही.

“वर आभायात हिरे हायेत,” चाचांनी आवाज चढवला. “ताऱ्याचे एक्सरे त्याच्यातून आले का वर्णपटात एका जागी खाच पडते. आमच्या अदीबानं ते खाच धरली!”

“हाव? केवढाले हिरे?”

“तुरीच्या दाण्याएवढे.”

चाचांनी दाराला कान दिला. हीच पोर लहानपणी कोणी पाढा चुकला तर चूक सुधारायला ताटावरून उठून यायची.

“चुकलो, बोराएवढे! एक तर दुर्बिणीलेच येऊन चिकटला.”

“काऊन फेकता मियां!” वामनराव हसले, दाराकडे नजर गेली तसं हसू आटलं.

चाचांच्या पत्नी नूरबी चहा घेऊन आल्या. तीन कप. तिसरा उंबऱ्याशी ठेवला, कालचा तसाच उचलला.

“पुरे करा आता,” त्या पुटपुटल्या.

खाच होती, तेवढं खरं. सहा वर्षांनी उमगलं, ती हिऱ्यांची नव्हतीच. दुर्बिणीच्याच पडद्यावर बसलेल्या कार्बनच्या थराची होती. पोरीनं स्वतःच ओळखलं, स्वतःच सगळ्यांना कळवलं, आणि घरी येऊन पडली. फोटो वाचायच्या आधी आपली काच तपासावी, हे तिला शिकवलं होतं कोणी? यांनीच. फिल्म उन्हात धरून, तिला मांडीवर घेऊन.

त्यांनी कप खाली ठेवला.

“तिचे साहेब लोक रोज फोन करून राह्यले, वामनराव. सोमवारी चालली ते परत. बॅग भरून तयार हाये.”

“खोटं.”

आवाज आतला होता, गंज चढल्यासारखा. वामनरावांचा घोट तोंडातच राहिला.

“खोटं बोलता, नाना. मी कुठंच चालली नाही.”

चाचांनी डोळे मिटले. नूरबींनी पदर तोंडाशी नेला.

“अन् तुरीएवढे नसतात ते हिरे.”