यादोरावाचं रक्त थांबेना

अर्जुनी मोरगावाजवळच्या त्या शेतघरातली माया आठवली की रुख्मिणीला आजही भरून येतं. त्याच मायेनं एकदा सगळ्यांच्या जिवाला घोर लावला होता.

साल छप्पन. धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहून तिच्या नवऱ्याचे, यादोरावाचे, गुडघे धरले. रुख्मिणी सकाळी आलं-हळदीचा दाट काढा लोटाभर द्यायची. मोठी नणंद पुष्पाबाई दुपारी मूठभर कच्चा लसूण सोलून त्याच्या हातावर ठेवायची. नागपूरच्या गिरणीत कामाला असलेल्या त्याच्या धाकट्या भावानं, मनिरामनं, माशाच्या तेलाच्या बाटल्या धाडल्या. गुडघे हलके झाले तसा यादोराव तेलाच्या चमच्यावरून वाटीवर आला.

पुढे दातून करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर काळेनिळे डाग उमटले. "कुठं तरी लागलं असंल," म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं.

धानकापणीत विळा बोटाला लागला. एरवी चिंधीनं भागायचं. त्या दिवशी चिंधी भिजली, दुसरी भिजली, पुष्पाबाईचा पदर लाल झाला. रुख्मिणीनं बैलबंडी जुंपायला लावली, पुष्पाबाईलाही सोबत घेतलं आणि दवाखान्यापर्यंत त्याचं बोट दाबून धरलं.

डॉक्टरांनी टाके घातले. दंडावरचे डाग बघून विचारलं, "काही औषध घेता?"

"नाई जी. घरचंच." यादोरावानं सगळं सांगितलं.

"तिन्ही? रोज? एवढं?" डॉक्टर चकित झाले. "पक्कं सांगता येत नाही, पण त्यानंच रक्त पातळ झालं असावं. जेवणातलं आलं-लसूण ठीक आहे. हे असं भरमसाट, एकावर एक नको. सगळं बंद करा."

परतताना बंडीत रुख्मिणी चिडली. "हिरड्यांतून रक्त येऊन राहिलं होतं, तं सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं कोणाचं बंद केलं असतं?" यादोराव म्हणाला. "तू काढा घेऊन उभी, बाई लसूण घेऊन. मनिराम तिकडं पोटाले चिमटा घेऊन बाटली धाडे. कोणाले नाई म्हणू? लसूण तं मले आवडतबी नाई."

"आता सांगून राहिला तू!" डोळे पुसता पुसता पुष्पाबाई खदखदून हसली.

डाग हळूहळू फिके पडले. गुडघे मात्र पुन्हा ठणकू लागले. मग रोज सांजच्याला अंगणात, नव्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या वासात, दोघी त्याला तापल्या विटेचा शेक द्यायच्या. एक गुडघा नणंदेचा, एक भावजयीचा. कोणाची वीट जास्त पोळते यावरून तो दोघींशी भांडायचा.

आता यादोराव नाही, पुष्पाबाईही नाही. सांज झाली की रुख्मिणीला ते भांडण ऐकू आल्यासारखं वाटतं, आणि ती एकटीच हसते.